वाट चुकलेल्या पाहुण्याचे बेदाणे

"जगातल्या प्रत्येक वस्तूला लग्नाचं बोलावणं असतं, कुठल्या दारानं आत जायचं, एवढंच तिला कुणीतरी सांगावं लागतं," असं सित्त इन्शिराह एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती एका शाळा-तपासनिसाला, वर्गाच्या दारात, हातात उलथनं घेऊन. तपासनीस अम्मानहून आलेला, तरुण, बूट चिखलानं भरलेले. त्यानं ते वाक्य अहवालाच्या कागदावर उतरवून घेतलं आणि खाली शेरा मारला: 'शिक्षिका बोलते फार. मुलांना मात्र येतं.' शाळेच्या फायलीत तो कागद अजून असेल. त्याला बावीस वर्षं झाली. आता ती फार बोलत नसे.

सल्त गावाच्या वरच्या मोहल्ल्यातल्या मुलींच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग धरला होता. शाळा मुलींची, पण तिसरीपर्यंत मुलगेही असत. चौथीत गेले की त्यांना खालच्या शाळेत धाडायचे, आणि मग ते वर वळून बघतसुद्धा नसत. बाईंना सित्त म्हणायची रीत; रस्त्यात भेटले तर "सलाम, सित्त" म्हणत मान खाली घालून निघून जायचे, जणू या बाईनं आपल्याला नाक वाहताना पाहिलंय. तिनं पाहिलंच होतं. निम्म्या गावाचं नाक तिनं स्वतःच्या रुमालानं पुसलं होतं.

घरापासून शाळेपर्यंत सगळ्या पायऱ्याच. पूर्वी ती त्या मोजायची, मग गुडघे मोजायला लागले, तेव्हा तिनं सोडून दिलं. आई जाऊन दोन हिवाळे झाले होते. सकाळी उठून ती रॉकेलची शेगडी पेटवायची आणि तिच्यापुढे नुसती बसून राहायची. लांब कोट अंगात, पांढरा रुमाल डोक्याला, पिशवी मांडीवर, आणि उठायचं मनात येत नाही अशी. थकवा हे तिला दुखणं वाटत नसे. तो घरात राहायला आलेला लांबचा नातेवाईक होता. त्याला जा म्हणता येत नव्हतं आणि रोज पानही वाढावं लागत होतं.

पण गुरुवार आला की उठावंच लागे. गुरुवार हा लग्नाचा वार.

आईच्या उशीचा लाल टाक्यांचा एक अभ्रा होता, त्यात लग्नाचे पाहुणे असत: किल्ली, चमचा, कंगवा, सुई, आरसा, कुलूप, एका कानाची कॉफीची किटली, दर आठवड्याला नवा कांदा. वर्गाच्या एका कोपऱ्यात पुरुषांचा तंबू, दुसऱ्या कोपऱ्यात बायकांची खोली, मध्ये खडूची रेघ. ज्याची पाळी येईल त्या पोरानं डोळे मिटून अभ्र्यात हात घालायचा आणि हाताला लागेल ती वस्तू डोक्यावर धरायची. त्या क्षणापासून ते पोर नाही, ती वस्तू. मग तिनं दाराशी येऊन आपली ओळख द्यायची. पुरुषांच्या दाराशी 'हाझा', म्हणजे हा. बायकांच्या दाराशी 'हाझिही', म्हणजे ही. अरबीत किल्ली हा, म्हणून ती पुरुषांच्या तंबूत जायची; चमचा ही, म्हणून बायकांच्या खोलीत. कांदा बायकांत, कंगवा पुरुषांत. मुलांना यात काहीच विचित्र वाटत नसे. घरच्या लग्नात मामा इकडे आणि मामी तिकडे का, हे तरी त्यांनी कुठे कुणाला विचारलं होतं?

खूण सोपी होती. नावाच्या शेवटी दोन टिंबांची बारीक गाठ असली की बाई, नसली की बहुधा पुरुष. 'बहुधा' या शब्दावर इन्शिराहचा जीव होता. कारण एवढा एक शब्द ठेवला नसता, तर सूर्याला कुठे बसवणार? पुठ्ठ्याचा होता तो, वर गोळ्यांचे सोनेरी कागद चिकटवलेले. त्याच्या नावाला गाठ नाही, काही नाही, आणि तरी तो बाई. "ही नवरीची आजी," ती मुलांना सांगायची. "आजीला कुणी विचारतं का, तुझ्या कपाळावर खूण कुठाय म्हणून? ती सरळ आत येते आणि सगळ्यात चांगल्या गादीवर बसते."

बरोबर दारानं आलेल्या पाहुण्याचं स्वागत व्हायचं. पुरुषांच्या तंबूत पाय आपटायचे, बायकांच्या खोलीतून लकेर उठायची, लग्नात बायका जीभ थरथरवून काढतात ती, लांब आणि चिरकी. शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका कपाळाला हात लावायच्या. आणि जो चुकला, त्याला सगळं लग्न ओरडून सांगायचं, "पाहुणे, वाट चुकलात! बसा, तोंड गोड करा!" मग सित्त इन्शिराह कोटाच्या खिशात हात घालायची, चिमूटभर बेदाणे त्याच्या हातावर ठेवायची आणि खांद्याला धरून त्याला दुसऱ्या दाराकडे वळवायची. हसायचं नाही, एवढा एकच नियम.

"म्हणजे चुकल्याबद्दल बक्षीस?" तपासनिसानं विचारलं होतं.

"बक्षीस कसलं, पाहुणचार तो. वाट चुकून दाराशी आलेल्याला तुमच्याकडे उपाशी धाडतात?"

बेदाणे भावाच्या मांडवावरच्या द्राक्षांचे, छतावर वाळवलेले. त्यांच्यापायी पोरं मुद्दाम चुकायची, हे तिला ठाऊक होतं. फार पूर्वी दैफल्लाह नावाचा एक गालफुग्या मुलगा सबंध वर्ष चुकला होता. सुई घेऊन पुरुषांत जायचा, कुलूप घेऊन बायकांत, आणि खिसा असा चिकट की आईनं शेवटी तो कापूनच टाकला. वर्षाअखेरीला लेखी परीक्षेत त्याची एकही चूक निघाली नाही. इन्शिराहनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे बघितलं.

शिक्षिकांच्या खोलीत बोलणाऱ्या बोलायच्याच. "स्वतःच्या नावाची लकेर कधी ऐकली नाही, म्हणून चमच्यांची लग्नं लावत बसते."

"चमच्यांनी अजून तक्रार केलेली नाही," ती एकदा म्हणाली आणि आपला चहा घेऊन खिडकीशी गेली.

तक्रार आली ती त्या दैफल्लाहची.

आता तो अबू फव्वाज, म्हणजे फव्वाजचा बाप, होता. चढावाच्या तोंडाशी कॉफी भाजायचं दुकान, भरघोस मिशी, आवाज जाड. गावात मयत असो की साखरपुडा, कॉफी त्याच्याच दुकानची. त्याचा थोरला, फव्वाज, यंदा पहिलीत आला होता. बारीक पोर, बापाच्या गालांचा मागमूस नाही. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तरी वर्गात त्याच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं. हजेरीलाही नुसता हात वर. इन्शिराहनं त्याला कधी बोल म्हटलं नाही. अशी पोरं तिनं पाहिली होती. त्यांच्या गप्प बसण्याला हात लावला की ते आणखी आत जातं.

जैतुनाच्या तोडणीचे दिवस होते. त्या गुरुवारी फव्वाजच्या हाताला सूर्य लागला. त्यानं तो डोक्यावर धरला आणि वर्गाच्या मधोमध उभा राहिला. पोरं कुजबुजायला लागली. पुरुषांच्या तंबूतून कुणीतरी खुणावलं, इकडे ये. तो रेघेपाशी गेला, थांबला, वळला आणि बायकांच्या दाराशी जाऊन स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाला, "हाझिही शम्स. मी नवरीची आजी."

अशी लकेर त्या वर्गात कधी उठली नव्हती. फव्वाजनं डोळे विस्फारून ती ऐकली, मग स्वतःच जीभ थरथरवली आणि सगळ्यांच्या वर चढवली. इन्शिराह भिंतीला टेकून उभी होती. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, गुडघे दुखताहेत ते दुखोत.

दुसऱ्या दिवशी, जुम्म्याला, त्याच्या घरी चुलते-चुलतभाऊ जेवायला जमले होते. पुरुषांच्या बैठकीत भाताची परात आली आणि त्याबरोबर फव्वाज आला, डोक्यावर गोल रोटी धरून, आणि त्यानं परातीच्या स्वागताला तीच लकेर ठोकली.  मग बापाचा धाकटा चुलता मांडीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! मुलगा मुलगा करत होतात, घरात नवरी निघाली!"

झालं. सल्तमध्ये असल्या गोष्टीला चढाव लागत नाही, ती आपोआप घरंगळत खाली येते. दुकानात गिऱ्हाईक विचारायला लागलं, "अबू फव्वाज, पाव किलो वेलचीची दे. आणि नवरी काय म्हणते?"

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी तो मुख्याध्यापिका खौलाच्या खोलीत येऊन बसला. इन्शिराहला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा तो उठून उभा राहिला, ही लहानपणची सवय, आणि उठल्याचा राग येऊन पुन्हा बसला.

"सित्त, मी तुमचा मान ठेवतो."

"ठेव."

"पण माझा पोरगा तुम्ही बायकांत उभा केलात. लकेर काढायला शिकवलीत."

"तूही उभा राहायचास. दर गुरुवारी. कुलूप घेऊन."

"मी चुकून जायचो!"

"हो का?" इन्शिराह म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. शिक्षण कार्यालयाला लिहिलेली तक्रार होती. एक प्रत आधीच पोचती झाली होती.

तो गेल्यावर खौलानं दार लावून घेतलं. ती इन्शिराहपेक्षा दहा वर्षांनी लहान, कामात पक्की, मनानं वाईट नव्हे.

"इन्शिराह, कागद पुढे गेला तर ते तुम्हाला वर्गावर ठेवणार नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. पुस्तकांच्या भांडारात बसवतील."

"भांडारात खुर्ची आहे?"

"आहे."

"गादीची?"

"मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही." इन्शिराहनं डोळे मिटले. "दोन वर्षं गादीच्या खुर्चीत. कुणी सुईबाई नाही, कुणी कंगवेबुवा नाही. ऐकायला वाईट नाही, खौला."

आणि ते खरंच वाईट वाटलं नाही, हेच तिला रात्रभर लागून राहिलं.

फव्वाज शाळेत येत होता. पण बसायचा तो डावा हात तोंडावर ठेवून, आतून काही निसटेल की काय अशा धास्तीनं. पुढच्या गुरुवारी इन्शिराहनं अभ्रा आणला नाही. फळ्यावर दोन रकाने आखले, शब्द लिहिले, पोरांनी ते उतरवून घेतले. चाळीस मिनिटांत सगळं उरकलं, खडूचा एक तुकडाही मोडला नाही. घंटा झाल्यावर एक मुलगी येऊन म्हणाली, "सित्त, आज कुणाचं लग्न मोडलं?"

मग भाऊ मध्ये पडला. मम्दूह तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, गॅसच्या टाक्या घरोघर पोचवायचा, आणि गावात कुणाचंही भांडण असो, मिटवायला हा पुढे.

"आपण जाहा घेऊन जाऊ," तो म्हणाला. वडीलधाऱ्यानं दुखावलेल्याच्या दारी मागणं घेऊन जायचं, ती जाहा. "मी बोलतो. बायकांचं तिथे काम नसतं."

"मग जा की तू एकटा."

"तो म्हणतो, सित्त स्वतः आली पाहिजे."

"म्हणजे माझं काम आहे, पण बोलायचं नाही."

"अगं, तू नुसती बस गं बाई! सगळं ठरलेलं असतं. कॉफी येईल. तिला हात लावायचा नाही. पेला समोर ठेवायचा. मी म्हणणार, अबू फव्वाज, आमची एक मागणी आहे, ती पुरी केलीस तर तुझी कॉफी आम्हाला गोड लागेल. घरात पाहुण्याचा पेला भरलेला राहणं त्याला परवडायचं नाही. तो म्हणणार, प्या, मिळालं. आपण पिणार. कागद परत. संपलं!"

"आणि लग्न?"

"कुणाचं?"

"चमच्यांचं, मम्दूह. खेळ चालू राहू दे, हेही माग."

भावानं तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा त्याला आईसारखा दिसला, शेवटच्या वर्षातल्या. "बरं," तो म्हणाला. "दोन्ही मागतो."

खौला आली नाही. "मी आले तर शाळेनं चूक कबूल केल्यासारखं होईल," ती म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर दोघं भावंडं पायऱ्या चढायला लागली. मम्दूह सकाळपासून टाक्या वाहत होता. पहिल्या थंडीनं सगळ्या गावाला एकाच दिवशी गॅस हवा होता. पोटात काही नाही, वर तो सगळी वाट आपलं बोलणं पाठ करत होता. "अबू फव्वाज, आमची एक मागणी आहे... अबू फव्वाज, आमची एक..." दर वळणावर इन्शिराह भिंतीला हात लावून थांबायची. पिवळा दगड दिवसभरच्या उन्हानं अजून कोमट होता. तिला वाटलं, इथेच टेकावं. जाहा आपली आपण वर जाईल.

बैठकीत तिघं होते: दैफल्लाह, आणि त्याचे दोन चुलते, थोरला पांढऱ्या दाढीचा आणि धाकटा तो जिभेचा हलका. मम्दूहला भिंतीशी गादीवर जागा मिळाली. इन्शिराहला कुठे बसवायचं, यावर जरा चुळबुळ झाली. त्या खोलीत बायका बसत नसत. आणि आत दैफल्लाहच्या बायकोपाशी बसवावं, तर बोलावलंय तिलाच. शेवटी दाराच्या चौकटीत एक लाकडी खुर्ची आली, पुढचे पाय आत, मागचे बाहेर. ती तिच्यावर बसली. आपण कोणती वस्तू, आणि आपलं दार कोणतं? तिला बसायला मिळालं होतं, एवढं तिला पुरे होतं.

कॉफी आली. मम्दूहच्या पुढे पेला आला, इन्शिराहसाठी बाजूला एक तिपाई मांडून तिच्यावर दुसरा. वेलचीचा वास खोलीभर पसरला. बोलणं आधी इकडचं तिकडचं होतं, रीतच ती. यंदा जैतुनाला तेल कसं सुटतंय, घाण्यावर रांग किती.

"रांग?" थोरला चुलता म्हणाला. "परवा आमच्या म्हाताऱ्या गाढवानं रांगेत उभ्या उभ्या जीव सोडला."

"छे हो, गाढव नव्हतं ते," धाकटा म्हणाला. "तुमचा जावई होता."

सगळे हसले. मम्दूह सगळ्यात मोठ्यानं हसला, मान मागे टाकून, आणि हसता हसता त्यानं पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

हसणं जिथल्या तिथे थांबलं.

मम्दूहनं पेल्यात डोकावून बघितलं. तळाशी काळं वर्तुळ होतं. मागणं घेऊन आलेला माणूस मागण्याआधी कॉफी प्याला, की तो नुसता कॉफी प्यायला आलेला. त्यापुढे त्याच्या तोंडातून मागणं निघत नाही. हे सल्तमधल्या शेंबड्या पोराला कळतं. मम्दूहनं गेल्या वीस वर्षांत निदान तीस जाहांमध्ये लोकांच्या हातावर चापट मारून त्यांना हे शिकवलं होतं.

"हाताची सवय," तो पुटपुटला.

"बरी लागली ना?" धाकट्यानं विचारलं.

"लागली," मम्दूह म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

थोरल्यानं दाढीवरून हात फिरवला. "थांबा. बाईंच्या पुढचा पेला अजून भरलेला आहे."

"बाईचा पेला मोजतात का?" धाकटा म्हणाला.

कुणालाच ठाऊक नव्हतं. असं कधी झालंच नव्हतं. तिघंही त्या पेल्याकडे बघत राहिले, तो काही सांगेल अशा आशेनं.

"मोजतात," दैफल्लाह शेवटी म्हणाला. "मला अक्षरं त्यांनी शिकवली. मोजा." तो पुढे सरकून बसला. आवाज उतरला होता. "सित्त, ऐका. मला तुमचं वाकडं करायचं नाही. कागद मी उद्या परत घेतो. वर्ग तुमचा. तो खेळ हवा तर खेळा, मी अक्षर काढणार नाही. माझं एकच आहे. पोराला इथे बोलावतो. त्याला सांगा, माझ्या चुलत्यांच्या समोर सांगा, की तू त्या दिवशी चुकलास. चुकीच्या दारानं गेलास. ते दार तुझं नव्हतं. बस. एवढं म्हणा आणि कॉफी प्या. गावाचं तोंड बंद होईल, आणि त्यालाही... त्याला लोक काय म्हणतात ते तुम्ही ऐकलेलं नाही, सित्त. मी रोज ऐकतो."

हे शेवटचं तो खऱ्या दुःखानं बोलला. इन्शिराहला ते कळलं, आणि म्हणून ती आणखी थकली.

"एक वाक्य आहे, इन्शिराह," मम्दूह गादीवरून अजीजीनं म्हणाला. "सांगून टाक. माझी चूक झाकली जाईल."

एक वाक्य. मागायला आली होती ते सगळं त्या वाक्याच्या पलीकडे मांडून ठेवलं होतं: अभ्रा, गुरुवार, दोन वर्षं. वाक्य जडही नव्हतं. ती रोज दहा पोरांना 'चुकलास' म्हणायची. तोंडात ते आपसूक तयार झालं होतं, नुसतं ओठ उघडायचं बाकी होतं.

"फव्वाज!" बापानं हाक मारली.

पोर आतून आलं. अंगात शाळेचाच सदरा, डावा हात तोंडावर. इन्शिराहच्या खुर्चीपाशी, चौकटीतच, ते थांबलं. चुलत-आजोबांकडे त्यानं बघितलं नाही. बापाकडेही नाही. उत्तर दिल्यानंतर पोरं बघतात तसं त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि हात तोंडावरून जेमतेम बाजूला करून विचारलं,

"सित्त, मी चुकलो का?"

 बाहेर कुठेतरी कुणीतरी खालच्या पायरीवर टाकी ठेवल्याचा आवाज आला. इन्शिराहनं पेला उचलला. तो कोमट झाला होता. घसा खडूनं कोरडा होता, सकाळपासून नव्हे, एकतीस वर्षांपासून. तिनं पेला ओठांजवळ नेला, तसे सगळ्यांचे खांदे सैल झाले. दैफल्लाह मिशीत हसलासुद्धा, समाधानानं.

ओठ न लावता तिनं पेला तिपाईवर ठेवला, भरलेलाच.

मग तिचा हात कोटाच्या खिशात गेला. फव्वाजनं तो हात जाताना पाहिला. त्या खिशातून काय निघतं आणि ते कुणाला मिळतं, हे पहिलीतल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. त्याचा चेहरा हळूहळू मिटला. हात पुन्हा तोंडावर गेला.

खुर्चीची पाठ धरून इन्शिराह उठली. एक गुडघा वाजला. पोराच्या बाजूनं, त्याच्या केसांना हलकंच हात लावून, ती चौकटीतून बैठकीत शिरली. ती कुठे निघाली ते कुणाला कळेना. धाकट्या चुलत्यानं आपले पाय आवरून घेतले. चालत ती दैफल्लाहपर्यंत गेली, वाकली, आणि त्याच्या पुढच्या तिपाईवर चिमूटभर बेदाणे ठेवले.

"हे काय, खाऊ?" थोरला चुलता म्हणाला. "छान, छान. तोंड गोड झालं म्हणायचं."

दैफल्लाहनं मान खाली घातली. तो बेदाण्यांकडे बघत होता. त्याचे कान लाल व्हायला लागले, आणि त्या मिशीमागून, त्या जाड गळ्यावरून, एक गालफुग्या मुलगा हळूहळू वर आला, चिकट खिशाचा. दारातून फव्वाज एकदा बेदाण्यांकडे, एकदा बापाकडे बघत होता. मग त्याचा हात तोंडावरून खाली आला.

मम्दूह म्हणाला, "इन्शिराह, अगं, तुझी कॉफी..."

तिनं रुमाल सारखा केला, तिपाईवरच्या भरल्या पेल्याला धक्का लागू नये म्हणून कोटाचा घेर हातानं आवरला, आणि बाहेर पडली.